ऑलवेज, ऑफन, अगेन: इंग्रजीतल्या वारंवारतेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादी गोष्ट किती वेळा घडते हे सांगायला मराठीत तीन सोयी आहेत. एक म्हणजे शब्द: नेहमी, क्वचित, अधूनमधून. दुसरी द्विरुक्ती: पुन्हा पुन्हा, कधी कधी, वेळोवेळी. तिसरी क्रियापदाचं रूप: जायचो, जात असतो, विचारत बसतो. इंग्रजीत यातला बराचसा भार एकट्या शब्दावर आणि वाक्यातल्या त्याच्या जागेवर येतो. त्यामुळे अर्थ तोंडपाठ असला तरी वाक्य चुकतं. पुढची उत्तरं याच फरकाभोवती आहेत. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचा, कारण शब्दांची जागा डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळते.

ही क्रियाविशेषणं कोणती आणि त्यांचे गट कसे पाडायचे?

पहिला गट अंदाजाचा. यात ऑलवेज, यूज्वली, नॉर्मली, ऑफन, फ्रीक्वेंटली, समटाइम्स, ऑकेजनली, रेअरली, सेल्डम, हार्डली एव्हर, नेव्हर हे शब्द येतात. दुसरा गट मोजदादीचा: वन्स, ट्वाइस, थ्री टाइम्स अ वीक, डेली, एव्हरी डे, ऑन मंडेज. तिसरा गट पुनरावृत्तीचा: अगेन, वन्स मोर, रिपीटेडली, ओव्हर अँड ओव्हर.

गट पाडण्याचं कारण व्यावहारिक आहे. पहिल्या गटातले शब्द सहसा वाक्याच्या मध्ये, क्रियापदाजवळ बसतात. दुसऱ्या गटातले शेवटी किंवा सुरुवातीला येतात आणि तिसऱ्यातले बहुतेक शेवटी. शब्द कुठल्या गटातला हे ओळखलं की निम्मी अडचण तिथेच संपते.

ऑलवेज १०० टक्के, समटाइम्स ५० टक्के असे तक्ते पाहतो. ते बरोबर आहेत का?

क्रम बरोबर असतो, आकडे मात्र सोयीसाठी दिलेले असतात. यूज्वलीला एका पुस्तकात ८० टक्के दिसतील, तर दुसऱ्यात ९०. समटाइम्स म्हणजे निम्म्या वेळा असं कुठलाही इंग्रजी बोलणारा मनात धरत नाही. महिन्यातून दोनदा घडणाऱ्या गोष्टीलाही समटाइम्स चालतं. ऑफनचं मापही संदर्भावर ठरतं. कुणी आठवड्यातून तीनदा चित्रपटाला जात असेल तर ते ऑफन झालं, पण आठवड्यातून तीनदाच दात घासणाऱ्याबद्दल कुणी ऑफन म्हणणार नाही.

यूज्वली ऑफनपेक्षा वरचा, ऑफन समटाइम्सपेक्षा वरचा, ऑकेजनली त्याखाली, रेअरली आणि सेल्डम त्याच्याही खाली, असा क्रम लक्षात ठेवा. आकडे पाठ करण्यात वेळ घालवू नका.

वाक्यात यांची जागा नेमकी कोणती?

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून हा प्रश्न सावकाश पाहू.

मराठीत "मी नेहमी चहा पितो", "मी चहा नेहमी पितो", "नेहमी मीच चहा करतो" अशी शब्दांची हलवाहलव चालते. कर्ता कोण, कर्म कोण हे विभक्तीवरून आणि क्रियापदावरून कळतं. इंग्रजीत ते शब्दांच्या क्रमावरून कळतं. म्हणून क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये इंग्रजी काहीही घुसू देत नाही. "आय ड्रिंक ऑलवेज टी" चूक आहे, "आय ऑलवेज ड्रिंक टी" बरोबर.

वाक्यात एकच क्रियापद असेल तर क्रियाविशेषण त्याच्या आधी येतं: "शी ऑफन कॉल्स मी." क्रियापद ॲम, इज, आर, वॉज, वर यांपैकी असेल तर नंतर: "ही इज यूज्वली लेट." सहायक क्रियापद असेल तर पहिल्या सहायकानंतर: "आय हॅव नेव्हर सीन इट", "दे विल ऑलवेज बी वेलकम", "इट हॅज ऑफन बीन रिपेअर्ड." शेवटच्या वाक्यात तीन क्रियापदं आहेत, तरीही ऑफन पहिल्यानंतरच आला. प्रश्न विचारताना तो कर्त्यानंतर येतो: "डू यू यूज्वली टेक द बस?"

"हॅव टू" दिसायला सहायकासारखं असलं तरी इथे ते मुख्य क्रियापदासारखं वागतं, म्हणून "आय ऑफन हॅव टू वेट." आज्ञा करताना ऑलवेज आणि नेव्हर थेट सुरुवातीला येतात: "नेव्हर टच अ वायर विथ वेट हँड्स." छोट्या उत्तरात, जिथे क्रियापदावर जोर असतो, तिथे नियम उलटतो. "आर यू ऑन टाइम?" याचं उत्तर "आय ऑलवेज ॲम." "आय ॲम ऑलवेज" असं म्हटलं की ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो.

समटाइम्स, यूज्वली, नॉर्मली, ऑकेजनली आणि ऑफन हे शब्द वाक्याच्या सुरुवातीलाही येऊ शकतात. "समटाइम्स वी वॉक होम" अगदी सहज आहे. ऑलवेज मात्र साध्या विधानाच्या सुरुवातीला येत नाही. "ऑलवेज आय गेट अप अर्ली" हे मराठी "नेहमी मी"चं सरळ भाषांतर आहे, आणि ऐकणाऱ्याला ते खटकतं.

"डोन्ट ऑलवेज" की "ऑलवेज डोन्ट"?

"डोन्ट ऑलवेज." मराठीतसुद्धा इथे गोंधळ आहे, फक्त तो आपल्याला जाणवत नाही. "इथे नेहमी पाणी येत नाही" याचा अर्थ काय? काही दिवस येतं आणि काही दिवस येत नाही, की कधीच येत नाही? स्पष्ट बोलायचं असेल तर आपण "नेहमीच येतं असं नाही" म्हणतो. इंग्रजीत ते "असं नाही" म्हणजेच "डझंट ऑलवेज." आणि कधीच येत नसेल तर "नेव्हर."

यूज्वली दोन्हीकडे चालतं: "आय डोन्ट यूज्वली" आणि "आय यूज्वली डोन्ट" यांत फारसा फरक नाही. समटाइम्स नेहमी नकाराच्या आधी येतं: "आय समटाइम्स डोन्ट हिअर द बेल." ऑफनची जागा बदलली की अर्थच बदलतो. "आय डोन्ट ऑफन ईट ब्रेकफास्ट" म्हणजे मी सकाळी खातो ते क्वचितच. "आय ऑफन डोन्ट ईट ब्रेकफास्ट" म्हणजे माझी न्याहारी बऱ्याचदा चुकते. पहिला माणूस न्याहारी करणाऱ्यांतला नाही. दुसरा एरवी करतो, पण त्याचे खाडे पुष्कळ होतात.

"कधी" या शब्दाचं इंग्रजी काय?

याचं एका शब्दात उत्तर नाही. मराठीतलं "कधी" हे एक मोठं कुटुंब आहे आणि इंग्रजीत त्याचे सदस्य वेगवेगळ्या घरांत राहतात.

सुरुवात प्रश्नापासून. "तू गोव्याला कधी गेलास?" आणि "तू कधी गोव्याला गेला आहेस का?" दोन्हीकडे कधी आहे, पण पहिलं विचारतं तारीख आणि दुसरं विचारतं अनुभव. कसोटी सोपी आहे. उत्तर दिवस किंवा वेळ असेल तर "व्हेन": "व्हेन डिड यू गो टू गोवा?" उत्तर हो किंवा नाही असेल तर "एव्हर": "हॅव यू एव्हर बीन टू गोवा?" "व्हेन हॅव यू गॉन टू गोवा" हे वाक्य दोन्ही प्रश्नांची सरमिसळ आहे आणि त्यातून नीट काहीच विचारलं जात नाही.

उत्तर देताना एव्हर सोडून द्यायचं. "येस, आय हॅव एव्हर बीन" चूक आहे. "येस, आय हॅव", "येस, ट्वाइस" किंवा "नो, नेव्हर" म्हणायचं. होकारी वाक्यात एव्हर टिकतं ते प्रामुख्याने सर्वोच्च दर्जा सांगताना: "द स्वीटेस्ट मँगो आय हॅव एव्हर ईटन." मराठीत आपण "आजवर खाल्लेल्यांत सर्वांत गोड" म्हणतो, आणि त्या "आजवर"चं काम इथे एव्हर करतं.

आता बाकीचे सदस्य. "कधी कधी" म्हणजे समटाइम्स, शेवटी एस असलेलं. "कधीतरी" म्हणजे समटाइम, शेवटी एस नसलेलं: "कम अँड सी अस समटाइम." एका एसमुळे अनिश्चित एक वेळ आणि अनेक वेळा हा फरक पडतो. तेच दोन शब्द तोडून "सम टाइम" लिहिले की अर्थ "काही काळ" असा होतो. "कधीमधी"ला "वन्स इन अ व्हाइल" किंवा "एव्हरी नाऊ अँड देन." "सठीसहामाशी" म्हणण्याइतकं क्वचित असेल तर "वन्स इन अ ब्लू मून." "कधीकाळी"ला "वन्स" किंवा "लाँग अगो." "कधी ना कधी"ला "सम डे" किंवा "सूनर ऑर लेटर." "कधीही ये" यातलं कधीही म्हणजे "एनी टाइम." "मी कधीचा थांबलोय" यात तर वारंवारता नाहीच, तिथे "आय हॅव बीन वेटिंग फॉर एजेस."

या कुटुंबातला एक प्रयोग फार सुंदर आहे: "कधी नव्हे ते". "कधी नव्हे ते आज लोकल वेळेवर आली." पुष्कळ जण याला नेव्हर वापरून लांबलचक वाक्य करतात. इंग्रजीत त्याला दोनच शब्द लागतात, "फॉर वन्स": "फॉर वन्स, द ट्रेन वॉज ऑन टाइम." आश्चर्य, समाधान आणि एरवीची तक्रार, सगळं त्यात येतं.

नेव्हरबरोबर नकार का लावायचा नाही?

मराठीत "कधीच" एकटं नकार देत नाही. "मी तिथे कधीच गेलो नाही" यात नकाराचं काम "नाही" करतं आणि "कधीच" त्याला जोर देतं. इंग्रजीत नेव्हरच्या पोटातच नकार आहे. जुन्या इंग्रजीत "ने" म्हणजे न आणि त्याला एव्हरचं जुनं रूप जोडून हा शब्द तयार झाला. त्यामुळे "आय नेव्हर डिडंट गो" म्हणजे नकारावर नकार. "आय हॅव नेव्हर बीन देअर" पुरेसं आहे.

रेअरली, सेल्डम, हार्डली एव्हर यांच्यातही अर्धा नकार दडलेला आहे. त्याचे तीन परिणाम होतात. पहिला, पुढे "सम" ऐवजी "एनी" येतं: "आय रेअरली हॅव एनी टाइम." दुसरा, क्वेश्चन टॅग होकारी लागतो: "ही सेल्डम कम्स, डझ ही?" शालेय परीक्षेत याचे गुण हमखास जातात, कारण वाक्यात नॉट दिसत नाही आणि विद्यार्थी "डझंट ही" लिहून मोकळा होतो. तिसरा, हे शब्द वाक्याच्या आरंभी आणले तर सहायक क्रियापद कर्त्याच्या पुढे येतं: "नेव्हर हॅव आय सीन सच रेन", "रेअरली डझ शी कम्प्लेन." ही रचना भाषणात आणि लेखनात शोभते. रोजच्या बोलण्यात ती जड वाटते, तिथे साधी मधली जागाच बरी.

हार्डली म्हणजे "जोरात" किंवा "कष्टाने" नव्हे, हेही सांगायला हवं. "ही वर्क्स हार्ड" म्हणजे तो कष्ट करतो. "ही हार्डली वर्क्स" म्हणजे तो जवळजवळ कामच करत नाही. नोकरीच्या अर्जात ही चूक महागात पडते.

"प्लीज चेक वन्स" बरोबर आहे का?

भारतातल्या कार्यालयांत सगळ्यांना कळतं, बाहेर कळेलच असं नाही. मराठीत "एकदा बघ ना", "एकदा फोन कर" यातलं एकदा आकडा सांगत नाही. ते विनंती मऊ करतं. इंग्रजीत वन्स आकडाच सांगतं. परदेशातल्या सहकाऱ्याला "चेक वन्स" म्हणजे एकदाच तपासा, दुसऱ्यांदा नको, असंही वाटू शकतं. त्याऐवजी "कुड यू प्लीज चेक धिस?" किंवा "प्लीज हॅव अ लुक" लिहा. "एकदा घरी या" याला "डू कम ओव्हर समटाइम."

"एकदाचा"शीही वन्सचा संबंध नाही. "एकदाचा पाऊस आला" याला "द रेन्स हॅव कम ॲट लास्ट." मात्र "एकदा का पाऊस लागला की" याला वन्स चपखल बसतं: "वन्स द रेन्स सेट इन." इथे दोन्ही भाषा एकाच वाटेने चालल्या आहेत, त्याचा फायदा घ्या.

परत आणि पुन्हा: अगेन की बॅक?

"पुन्हा" म्हणजे अगेन, यात अडचण नाही. "परत"चे मात्र दोन अर्थ आहेत. "तो परत आला" म्हणजे माघारी आला की आणखी एकदा आला? माघारी असेल तर बॅक, आणखी एकदा असेल तर अगेन. "गिव्ह इट बॅक" म्हणजे घेतलेली वस्तू परत दे. "गिव्ह इट अगेन" म्हणजे एकदा दिलंस, आता आणखी एकदा दे. फोनवर "आय विल कॉल यू बॅक" म्हणजे तुमच्या फोनला उत्तर म्हणून मी फोन करेन, आणि "आय विल कॉल अगेन" म्हणजे मी आधी केला होता, पुन्हा करेन. ग्राहकसेवेत काम करणाऱ्यांनी हा फरक पक्का करावा. चुकीच्या शब्दाने समोरचा माणूस फोनची वाट पाहत बसतो, किंवा वाटच पाहत नाही.

रिटर्नमध्ये बॅक आधीच आहे आणि रिपीटमध्ये अगेन. म्हणून "रिटर्न बॅक" आणि "रिपीट अगेन" टाळा.

अगेनची जागा कर्मानंतर, शेवटी: "प्लीज सेंड द फाइल अगेन." "प्लीज अगेन सेंड द फाइल" हा "कृपया पुन्हा फाइल पाठवा"चा मराठी क्रम आहे.

"पुन्हा पुन्हा"ला "अगेन अँड अगेन", "ओव्हर अँड ओव्हर" किंवा औपचारिक लेखनात "रिपीटेडली." इंग्रजी द्विरुक्ती करते तेव्हा मध्ये सहसा अँड किंवा आफ्टर घालते: "टाइम आफ्टर टाइम", "डे आफ्टर डे." "समटाइम्स समटाइम्स" होत नाही.

"दिवसातून दोनदा" कसं म्हणायचं?

"ट्वाइस अ डे." मराठीतल्या "-तून"मुळे आपण "टू टाइम्स इन अ डे" म्हणतो. तो "इन" काढून टाका. आधी किती वेळा, मग "अ", मग कालावधी, एवढीच रचना आहे: "थ्री टाइम्स अ वीक", "वन्स अ मंथ." या रचनेतला "अ" मुळात आजच्या "ऑन"चाच झिजलेला अवशेष आहे, म्हणजे प्रत्ययाचं काम तो आधीच करतो.

एक वाक्य जवळून पाहू. "मी रोज दिवसातून दोनदा गोळी घेतो" याचं पहिल्या फटक्यातलं इंग्रजी असं येतं: "आय डेली टू टाइम्स इन अ डे टेक टॅबलेट." आधी डेली काढा, कारण "ट्वाइस अ डे"मध्ये रोज आलंच. मग "टू टाइम्स इन अ डे" ऐवजी "ट्वाइस अ डे" करा. ते मोजदादीच्या गटातलं आहे, म्हणून शेवटी न्या. टॅबलेटच्या आधी "अ" किंवा "वन" हवा. उरलं: "आय टेक वन टॅबलेट ट्वाइस अ डे." नऊ शब्दांचं वाक्य सात शब्दांवर आलं आणि संदिग्धता गेली.

औषधाच्या चिठ्ठीवर डॉक्टर १-०-१ लिहितात ते सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक असं असतं. इंग्रजीत सांगताना "वन इन द मॉर्निंग अँड वन ॲट नाइट." बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा. ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरं आहेत. "एव्हरी सिक्स अवर्स" आणि "फोर टाइम्स अ डे" यांचा हिशेब सारखा वाटला तरी पहिल्यात दर सहा तासांचं अंतर रात्रीही पाळायचं असतं, तर दुसरं बहुधा जागेपणीच्या वेळात विभागलं जातं. शंका असेल तर डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचाराच.

"दिवसाआड" आणि "पंधरवड्याने" यांना काय शब्द आहेत?

दिवसाआड म्हणजे "एव्हरी अदर डे." "ऑल्टरनेट डेज" भारतात सर्रास चालतं आणि त्यासाठी "ऑन" लागतं: "वी गेट वॉटर ऑन ऑल्टरनेट डेज." दोन दिवसांआड म्हणजे सोमवारनंतर थेट गुरुवारी. ते "एव्हरी थ्री डेज" किंवा "एव्हरी थर्ड डे", "एव्हरी टू डेज" नव्हे. मराठी मधले रिकामे दिवस मोजते, इंग्रजी एका वेळेपासून दुसऱ्या वेळेपर्यंतचं अंतर मोजते. म्हणून आकडा एकाने वाढतो.

पंधरवड्याने म्हणजे "फोर्टनाइटली." हा शब्द ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे रुळलेला आहे, अमेरिकेत तो फारसा वापरात नाही. तिथे "एव्हरी टू वीक्स" लिहा. बायवीकली मात्र कुठेच वापरू नका. त्याचा अर्थ आठवड्यातून दोनदा असाही होतो आणि दोन आठवड्यांतून एकदा असाही, आणि शब्दकोश दोन्ही देतात. बायमंथलीचंही तेच. बैठकीच्या किंवा हप्त्याच्या बाबतीत असा शब्द लिहिणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. बायॲन्युअल म्हणजे वर्षातून दोनदा आणि बायेनियल म्हणजे दोन वर्षांतून एकदा, हा फरक ठरलेला आहे, पण वाचणाऱ्याला तो माहीत असेलच असं नाही.

एव्हरी डे एकत्र लिहायचं की वेगळं?

"रोज" या अर्थी वेगळं. एकत्र लिहिलेलं एव्हरीडे हे विशेषण आहे, "रोजचा" या अर्थाचं: "एव्हरीडे क्लोद्स" म्हणजे रोजच्या वापरातले कपडे. वाक्यात "ईच डे" घालून पाहा. चाललं तर दोन शब्द.

डेली बरोबरच आहे, पण त्याचा कल कामकाजाकडे आणि सूचनांकडे आहे. बोलताना एव्हरी डे जास्त सहज. "डेली आय गो" अशी सुरुवात भारतीय कानाला चालते, इतरांना विचित्र वाटते. आणि दर सोमवारी म्हणायचं असेल तर "ऑन मंडेज": वाराला एस लावला की "दर" आलं.

"तो सारखा फोन करतो", "ती विचारत बसते" यातली कटकट इंग्रजीत कशी आणायची?

दोन मार्ग आहेत. "कीप" आणि त्यापुढे आयएनजी: "ही कीप्स कॉलिंग मी", "शी कीप्स आस्किंग." कीपनंतर "टू" येत नाही. दुसरा मार्ग म्हणजे चालू काळात ऑलवेज: "ही इज ऑलवेज कॉलिंग मी." साध्या वर्तमानकाळात "ही ऑलवेज कॉल्स मी ऑन माय बर्थडे" हे कौतुक आहे. चालू काळात आला की ऑलवेजला बहुतेक वेळा तक्रारीचा सूर येतो. वरिष्ठांबद्दल लिहिताना हा सूर नकळत लागू नये, याची काळजी घ्या.

मराठी "उठसूट"चा भाव याच दुसऱ्या रचनेत सर्वांत चांगला उतरतो.

"मी जात असतो" म्हणजे "आय ॲम गोइंग" नाही का?

नाही. "मी रोज फिरायला जात असतो" ही सवय आहे, आणि सवयीला इंग्रजीत साधा वर्तमानकाळ: "आय गो फॉर अ वॉक एव्हरी डे." "जात" आणि "असतो" अशी दोन पदं दिसतात म्हणून आपण ॲम गोइंग करतो.

भूतकाळातल्या सवयीला, म्हणजे "आम्ही विहिरीत पोहायचो" याला, "यूज्ड टू": "वी यूज्ड टू स्विम इन द वेल." यूज्ड टू फक्त भूतकाळातच चालतं. आजच्या सवयीसाठी "आय यूज टू गो डेली" म्हणणं ही फार पसरलेली चूक आहे. तिथे "आय यूज्वली गो."

"दुसऱ्यांदा", "पहिल्यांदाच" यांचं काय?

यांना इंग्रजीत एकच शब्द नाही. सेकंडली म्हणजे "दुसरा मुद्दा", दुसऱ्यांदा नव्हे. "ही फेल्ड फॉर द सेकंड टाइम" असं म्हणायचं आणि "फॉर द" गाळायचं नाही. "मी मुंबईला पहिल्यांदाच येतोय" याला "धिस इज द फर्स्ट टाइम आय हॅव कम टू मुंबई." मराठीत चालू वर्तमान, इंग्रजीत हॅव. "फर्स्ट टाइम आय ॲम कमिंग" टाळा.

यूज्वली म्हणजे बहुधा, ना?

हा अर्थ पुष्कळांच्या वहीत लिहिलेला असतो आणि त्याने नुकसान होतं. "तो बहुधा येईल" ही शक्यता आहे, वारंवारता नाही. तिथे "प्रॉबब्ली." "बहुतेक तो येईल" यालाही प्रॉबब्लीच. "बहुतेक वेळा" म्हटलं की मात्र वारंवारता झाली, म्हणजे "यूज्वली" किंवा "मोस्ट ऑफ द टाइम." "सहसा" हा यूज्वलीच्या सर्वांत जवळचा शब्द, पण तो जास्त करून नकाराबरोबर येतो: "तो सहसा रागावत नाही", "ही डझंट यूज्वली गेट अँग्री."

ऑफनमधला टी उच्चारायचा का?

"ऑफन" आणि "ऑफ्टन" दोन्ही उच्चार शब्दकोशांत आहेत. कुणी टी उच्चारला म्हणून त्याला चूक म्हणू नका. ऑफन आणि फ्रीक्वेंटली अर्थाने एकच, फ्रीक्वेंटली थोडं औपचारिक आहे.

थ्राइस आणि सेल्डम जुने झाले का?

थ्राइस भारतात जिवंत आहे. ब्रिटन-अमेरिकेत आज "थ्री टाइम्स" म्हणतात. सेल्डम लेखनात चालतं, बोलण्यात रेअरली किंवा हार्डली एव्हर जास्त.

वन्स, ट्वाइस, थ्राइस या तिघांच्या शेवटचा "स" ध्वनी हा जुन्या इंग्रजीतल्या षष्ठीच्या प्रत्ययाचा वारसा आहे. ऑलवेजच्या शेवटीही तोच आहे. "ही वर्क्स नाइट्स" यातल्या नाइट्सचं मूळही जुन्या षष्ठीत आहे, आणि मराठी वाचकाला ते परकं वाटायचं कारण नाही. "तो रात्रीचा काम करतो" म्हणताना आपणही काळ सांगायला षष्ठीच वापरतो.

लिहून झाल्यावर स्वतःचं वाक्य तपासायचं कसं?

क्रियाविशेषणाखाली रेघ मारा. त्याच्या लगेच उजवीकडे कर्म आणि डावीकडे मुख्य क्रियापद असेल, तर जागा चुकली आहे. मग वाक्यात नेव्हर, रेअरली, सेल्डम किंवा हार्डली असेल तर त्याच वाक्यात नॉट कुठे लपलं आहे का ते शोधा. डोन्ट, डिडंट, कान्टसुद्धा. वन्स असेल तर त्याऐवजी "ओन्ली वन टाइम" ठेवून वाचा. अर्थ बिघडला तर ते वन्स मराठीतल्या मऊ "एकदा"चं आहे, काढून टाका. आणि बायवीकली दिसलं तर खोडून तिथे वार लिहा: "ऑन मंडेज अँड थर्सडेज."